राजीखुशीने हाँगकाँग

१६ जानेवारी २००७

दादा आला होता! स्वतः. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही म्हणून कोपऱ्यावर लावून चालत आला, हातात तिळगुळाचा डबा. मी मशीनवर लूमच्या धाग्याच्या कांड्या भरत बसले होते. केसात कापूस, अंगावर धुवून धुवून विटलेला गाऊन. उठायलाही सुचलं नाही. म्हणाला, "बस गं कमळे, बस. पाणी दे आधी."

बाबा गेल्याला सव्वा वर्ष झालं. तेव्हापासून तो एकदाही आला नव्हता. भाऊबीजेला बोलावणं नाही, फोन केला तर हेमाली वहिनी उचलणार आणि "ते साइटवर गेलेत" म्हणणार. वडपे इथून असं किती लांब? अर्ध्या तासाचा रस्ता. मी मनाशी म्हटलं होतं, आपलं माहेर संपलं. चला, एक काम कमी झालं.

आणि हा चहा पिता पिता म्हणतो, "मे महिन्यात सगळे हाँगकाँगला जाऊ. तिकडे डिस्नीलँड झालंय. आई, हेमाली, आमचा दीपेश, तू आणि भाविका. अनंता येत असेल तर तोही." असं सांगितलं, जसं काही टिटवाळ्याला जायचंय. भाविका नुकतीच शाळेतून आली होती. ती दप्तर खांद्यावरून काढायचंच विसरली.

भाविकाचे पप्पा ड्युटीवरून आल्यावर हसले. "मला कोण सोडणार? मी नसलो तर चोवीस लूम बंद पडतील. तुम्ही मायलेकी जा." कारखान्यात ते जॉबर आहेत. लूम बिघडला की ह्यांच्या नावाने हाका. घरातला मिक्सर मात्र दिवाळीपासून तसाच पडलाय.

ही डायरीही दादानेच दिली, कुठल्या तरी गोडाऊनवाल्या कंपनीची. म्हणाला, "तुला लिहायची हौस होती ना?" त्याच्या लक्षात होतं. मला रडायला आलं, तर म्हटलं डोळ्यात कापूस गेला.

१७ जानेवारी

हाँगकाँग. हाँगकाँग. कांडी मशीनही दिवसभर तेच म्हणतंय.

१९ जानेवारी

आज शुक्रवार, लूम बंद. गल्ली इतकी गप्प की शेजारच्या भाभीच्या घरातली कढईसुद्धा ऐकू येते. जेवून भाविका आणि मी जमिनीवर पालथ्या पडून पुस्तक बघत बसलो. दादाने माणसाबरोबर पाठवलंय, टूरवाल्यांचं, गुळगुळीत कागद. हात धुऊन मगच उघडायचं असा भाविकाचा नियम आहे.

किल्ला आहे. गुलाबी, निळ्या टोकांचा. त्याच्या मागे हिरवे डोंगर. खरे डोंगर! गोडाऊन यायच्या आधी वडप्याच्या घराच्या ओट्यावरून दिसायचे तसे. एक आगगाडी सगळ्या बागेला फेरी मारते. माणूस बसेल एवढ्या मोठ्या कपबश्या आहेत, त्या गोल गोल फिरतात. बाकी काही नाही, कपात बसायचं आणि फिरायचं. इतकी वर्षं कप धुतले, आता एकदा बसून बघू.

भाविकाने मला जांभळा कप दिला. स्वतःला पिवळा. आजीला बशीत बसवायचं ठरलं.

तिला दहावं सरतंय. त्या बागेचा नकाशा तिला आत्ताच पाठ झालाय. "मम्मी, गेटातून आत गेल्यावर सरळ जायचं, मध्ये थांबायचं नाही, फोटो नंतर." मी म्हटलं, हो बाई. तू म्हणशील तसं.

२८ जानेवारी

पडघ्याला थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे गेले होते. बाजारात तिचं सुक्या मासळीचं दुकान आहे. बोंबील निवडता निवडता तिने माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुला नेतो? फिरवायला? कशापायी गो?"

मी म्हटलं, भाऊ आहे, नेणार नाही?

ती उठून आत गेली आणि पैठणी घेऊन आली. प्लास्टिकमध्येच होती. "ही बघ. अंगठा लावला त्या दिवशी दिलीन. अजून घडी मोडली न्हाय. नेसून जाऊ कुठं? मायेरला बोलावतंय कोन?"

आक्काला एक सांगायला गेलं की ती चार ऐकवते, आणि चारही खरी असतात.

लिहून ठेवते एकदाचं. वडप्याची हायवेलगतची शेती बाबांच्या नावावर होती. ते गेल्यावर सातबाऱ्यावर चौघांची नावं लागली, दादा, आई, आक्का आणि मी. आमच्याकडे बहिणींनी हक्क सोडायचा असतो. सोडला की भाऊ साडी नेसवतो आणि माहेर चालू राहतं. आईने सोडला. आक्काने अंगठा लावला, तिला वाचता येत नाही. आता दादाच्या नावाखाली एकटी मी उरलेय. गोडाऊनवाल्या पार्टीला सातबारा मोकळा पाहिजे, हे मला गावातल्या बायकांकडून कळलंय. दादाने मला अजून विचारलेलं नाही.

विचारलं तर काय सांगू? कधी हो ठरतं, कधी नाही. भांडी घासताना नाही ठरतं. विहिरीच्या अंगाला एक कोपरा आहे, तिथे मला भाविकाचं घर दिसतं. दोन खोल्या, पुढे अंगण, आणि कुठेही लूमचा आवाज नाही. आणि माहेरची आठवण आली की हो ठरतं.

पण ह्या खेपेला दादाने विषयही काढला नाही. मग आक्का उगाच माझं तोंड कडू का करते?

४ फेब्रुवारी

पासपोर्टचे फॉर्म भरायला दादाने एजंट पाठवला. बारीक मिशीचा, पेन कानावर. माझी जन्मतारीख विचारली. एक जून. दादाची? एक जून. भाविकाच्या पप्पांची फक्त माहितीसाठी विचारली, तीही एक जून. तो पेन खाली ठेवून म्हणाला, "ताई, तुमच्यात केक एकच आणत असतील."

काय करणार? शाळेत घालताना गुरुजींनी अख्ख्या गावाचा वाढदिवस एका दिवशी उरकून टाकला. आई सांगते, "तू झालीस तवा भाताची लावनी चालली होती. दुपारचा टाइम, बांधावर भाकरी सोडली होती." म्हणजे जुलै असणार. सरकारला मात्र जूनच पाहिजे.

फॉर्म मी स्वतः वाचून स्वतः भरला. एजंट बघत राहिला. दहावीला मी शाळेत दुसरी होते म्हटलं, असं काय बघताय! बाबांचे सगळे कागद मीच वाचून दाखवायचे. खताच्या पिशवीवरचंही ते माझ्याकडून वाचून घेत, मग दोघं मिळून हसत बसायचो.

१३ फेब्रुवारी

बारा ते तीन लाइट नाही. लूम एकाएकी थांबले की कानात पोकळी होते. त्या पोकळीत मला हल्ली ती आगगाडी ऐकू येते. शिट्टी नाही, नुसतीच चाकं.

आज असं दिसलं की सगळे गाडीत बसलोय. आई खिडकीशी, डोक्यावरचा पदर घट्ट धरून. दीपेश आणि भाविका पुढच्या बाकावर, भांडणं चालू. मी आणि दादा मागे. दादाच्या खिशात मोबाइल नाही. म्हणजे असेल, पण वाजत नाही. तो मला विचारतो, "कमळे, भूक लागली का?" एवढंच. एवढ्यासाठी हाँगकाँगला जावं लागतं का, असं कोणी म्हणेल. म्हणू दे.

लहानपणी त्याने मला जत्रेतल्या पाळण्यात बसवलं होतं. पाळणा वर गेल्यावर मी किंचाळायला लागले, तर त्याने माझ्या डोळ्यांवर हात धरला. खाली येईपर्यंत काढला नाही. त्याच्या हाताला भजीचा वास होता. तो तेव्हा बारा वर्षांचा असेल, आणि मला वाटायचं ह्याला काहीच होऊ शकत नाही.

भाभीने खिडकीतून हाक मारली, "बाजी, पानी आ गया, किधर खोई हो?" हाँगकाँगला, म्हटलं. ती म्हणाली, "आते टाइम बाल्टी लेती आना."

२६ फेब्रुवारी

दादा घ्यायला आला होता. बदामी साडी नेसले, तीच त्यातल्या त्यात बरी. गाडीत एसी इतका गार की पदर लपेटून बसले. पासपोर्टचा एक कागद बाकी आहे म्हणाला, लग्नानंतरच्या नावाचा.

सरकारी ऑफिस. बाहेर टाइपवाले, झेरॉक्सवाले, ही गर्दी. आज एजंट नव्हता, एक वकील होते. हिरवट जाड कागद. दादा बोटाने दाखवत होता, इथे, इथे आणि इथे. गावचे दोघं जण साक्षीदार म्हणून आले होते. एरवी "काय कमळताय, बरी हाय का" म्हणणारी माणसं, आज पंख्याकडे बघत बसलेली. मग एका कॅमेऱ्यासमोर बसवलं. कॉम्प्युटरवर माझा फोटो आला, एक डोळा अर्धा मिटलेला. काचेवर अंगठा ठेवायला लावला. टेबलामागच्या साहेबांनी विचारलं, "मान्य आहे ना?" मी म्हटलं, "हो." त्यांनी वर न बघता शिक्का मारला.

बाहेर आल्यावर दादाने उसाचा रस पाजला. मी नको म्हणत असताना दुसरा ग्लास. भाविकासाठी पिशवीत बांधून घेतला. मला गल्लीच्या कोपऱ्यावर सोडलं, आणि मी वळले तरी त्याची गाडी तिथेच उभी होती.

२७ फेब्रुवारी

आज लिहायला काही नाही. कांड्या भरल्या.

११ मार्च

आईचा फोन. तिला आता विमानाने घेरलंय. "खिडकी उघडते का गो?" नाही उघडत आई. "मंग वांती झाली तर?" पिशवी देतात. "आनि सुकट चालंल का? तिथं म्हनं साप खातात." मी म्हटलं सुकट, तांदळाचं पीठ, सगळं घे, नाहीतरी तू माझं ऐकणार आहेस का? मग ती हळूच म्हणाली, "कमळ, तू हायस म्हनून मी जातेय. हेमालीला मी काय सांगनार सारखं सारखं?" तिचे गुडघे पार गेलेत. बाथरूमलाही धरून न्यावं लागतं.

फोन ठेवला आणि मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. आईला माझी गरज आहे. दादाला माझी आठवण आहे. किती दिवसांनी असं झालं!

तिकडे समुद्र आहे. हॉटेलच्या खिडकीतून दिसतो, पुस्तकात फोटो आहे. पांढरी चादर आणि निळं पाणी. त्या चादरीवर मी आडवी पडणार आणि कोणीही उठवणार नाही. भाविका म्हणते, मी उठवणार.

२२ मार्च

पासपोर्टच्या चौकशीला हवालदार घरी आले. अर्धी गल्ली दारात! जानकीबाई समोरच्या ओट्यावरून ओरडून विचारते, "काय झालं गो, कोनी काय केलं?" मी म्हटलं, परदेशी चाललेय. त्यापेक्षा चोरीची चौकशी तिला बरी वाटली असती.

हवालदारांनी चहा घेतला. विचारलं, तिथे कोण आहे तुमचं? मला काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, भाऊ. "तो तिथे असतो?" नाही, तो मला नेतोय. ते हसले. "नशीबवान आहात. आमच्या बहिणीला आम्ही अजून महाबळेश्वरला नेलं नाही."

हे मी दिवसभर सगळ्यांना सांगत सुटले.

२ एप्रिल

आले! दोन्ही! निळी पुस्तकं, सोनेरी सिंह. माझ्या फोटोत मी चोरासारखी दिसते आणि भाविका पोलिसासारखी.

कमळ अनंता भोईर. पहिल्यांदाच माझं नाव असं छापलेलं बघितलं. रेशनकार्डावर मी यांच्या खाली असते. इथे मी एकटीच, आणि मागे सगळी कोरी पानं. त्यांच्यावर काय काय शिक्के पडणार? भाविकाने वास घेतला. म्हणाली, नव्या वहीपेक्षा भारी.

भाविकाच्या पप्पांनी हात पुसून पुस्तक घेतलं. पानन् पान उलटलं. मग म्हणाले, "परत ये म्हणजे झालं." आणि बाहेर जाऊन बसले. ह्या माणसाला प्रेम दाखवायचं म्हणजे लूम उघडायला लागतो.

८ एप्रिल

बूट घेतले भाविकाला. पट्टीवाले, गुलाबी. घरात घालून फिरते, बाहेर घालत नाही. झिजतील म्हणे. दाराच्या चौकटीला पाठ लावून रोज उंची मोजते, कारण एका पाळण्यात कमी उंचीच्यांना घेत नाहीत. तिची उंची त्याहून कधीच जास्त झालीय. तरी मोजते.

१८ एप्रिल

दादाचा फोन आला. तिकिटं झाली. २० मेचं विमान. मी मोठ्याने भाविकाला हाक मारणार, तेवढ्यात म्हणाला, "ऐक ना. भाविकाचं ह्या वेळी नाही होणार."

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, पासपोर्ट आलाय तिचा.

"अगं पासपोर्टचं नाही. हेमालीच्या बहिणीची मुलगी येतेय. सीट तेवढ्याच होत्या, खोल्यांचा पण हिशोब असतो. पुढच्या वर्षी नेऊ की तिला. तू ये. तू पाहिजेसच, आईला धरायला कोणीतरी लागेल ना."

मी म्हटलं, बरं.

बरं!

१९ एप्रिल

भाविकाला सांगितलं नाही. तिने आज किल्ल्याचं चित्र काढलं, दारावर लावलं.

२१ एप्रिल

सांगितलं.

वाटलं होतं रडेल, आदळआपट करेल, मग मी पण रडेन आणि मोकळं होऊ. ती बोटाने फरशीवर रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "दीपेशदादा जाणार?" हो. "आजी?" हो. "आणि तू?" मी मान हलवली. तर ती आत गेली आणि वहीतलं पान फाडून घेऊन आली. तिने काढलेला नकाशा. म्हणाली, "हा ने. नाहीतर तू चुकशील. आणि जांभळ्याच कपात बस, मग मला सांग कसं वाटतं."

माझ्यावर चिडली असती तर बरं झालं असतं. मला स्वतःचा राग आलाय, दादाचा आलाय, वहिनीच्या त्या बहिणीचाही आलाय, जिला मी लग्नात एकदा बघितलंय. कांडी मशीनला हात लावला तर धागा सारखा तुटतोय. दिवसभरात निम्म्याही भरल्या नाहीत.

२५ एप्रिल

तलाठ्याची नोटीस आली पोस्टाने. पातळ कागद, निळा शिक्का. वडप्याच्या आमच्या गटाचा नंबर, आणि खाली लिहिलंय की सौ. कमळ अनंता भोईर यांनी सदर मिळकतीतील आपला हक्क, हिस्सा व हितसंबंध भाऊ केसरीनाथ यांच्या लाभात राजीखुशीने कायमचा सोडून दिला आहे. नावाची नोंद कमी करण्यास कोणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत कळवावे.

राजीखुशीने. किती छान शब्द आहे. लग्नपत्रिकेत शोभेल.

आक्काला फोन केला. ती दुकान टाकून रिक्षाने आली, हाताला मासळीचा वास तसाच. नोटीस मी तिला वाचून दाखवली. ती कपाळ बडवायला लागली. "मी अडानी, मी अंगठा लावला. तू तर धावी पास! फेब्रुवारीत सही केलीस त्या कागदावर काय लिवलं हाय ते बघितलं न्हायस का गो?"

मी तिच्यासाठी पाणी आणायला आत गेले.

२९ एप्रिल

भाविकाच्या पप्पांना नोटीस दाखवली. त्यांनी उभ्याउभ्याच दोनदा वाचली. ओरडतील असं वाटलं होतं. एवढंच म्हणाले, "पासपोर्टचं सांगून फसवलं तुला." मग थोड्या वेळाने, "जमीन तुझ्या बापाची. घ्यायची का सोडायची तू ठरव. पण माझ्या पोरीला त्याने यादीतून काढलं, ते मी विसरणार नाही."

फसवलं तुला. सगळे मला हेच म्हणतायत. जानकीबाईसुद्धा. सगळे कीव करतात आणि मी खाली बघते.

विहिरीच्या अंगाचा तो कोपरा दोन महिने मनात आणलाच नव्हता. आज दुपारी लाइट गेली आणि आपोआप आला. अंगणात भाविका होती, मोठी झालेली, आणि तिने मला आत बोलावलं नाही.

३ मे

हरकतीचा अर्ज दिला. आक्का सोबत होती. अर्ज मीच लिहिला. आक्का मागून सांगत होती, "एवढंच लिव, वाचलं न्हाय, पासपोर्टचा कागद म्हनून सही घेतली. साहेबानं इचारलं तरी तेवढंच बोलायचं. वाचलं न्हाय. बास." तलाठीही म्हणाले, "सर्कल साहेबांपुढे तारीख पडेल, तिथे भावालाही बोलावतील. वाचून सही केली असेल तर मग तुमचं काही चालणार नाही हं ताई."

संध्याकाळी दादाचा फोन. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट. "माझ्यावर हरकत घेतलीस, कमळ? तिकीट काढलंय तुझं." मी म्हटलं, रद्द कर. तो म्हणाला, "तुला खरंच वाटतं मी तुला फसवलं?" मी फोन ठेवला.

मागून आईचा फोन. रडत होती. "तू न्हाय आलीस तर मी कशी जाऊ गो? माझं तिथं कोन करंल?" आईला मी काय सांगू? तिच्यासाठी जीव तुटतो. पण माझ्या पोरीला सोडून मी तिला धरायला जाणार नाही. असं मी तिला म्हटलं नाही, इथेच लिहिते.

४ मे

दारावरचं चित्र भाविकाने काढून ठेवलं. फाडलं नाही.

९ मे

दुपारी डोळा लागला. मी जांभळ्या कपात बसले होते आणि तो फिरत होता, चांगला गार वारा. समोरचा पिवळा कप रिकामा. थांबवा, थांबवा म्हटलं तर तिकडच्या माणसाला मराठी कळेना.

१७ मे

सर्कल साहेबांनी विचारलं, "बाई, सही करण्याआधी कागद वाचला होता का?"

मी म्हटलं, "नाही."

वाचला होता. हे मी इथेही लिहिलं नव्हतं. पहिल्याच ओळीत जाड अक्षरात होतं, हक्कसोडपत्र. वाचून मान वर केली तर दादा माझ्याकडेच बघत होता. मी वाचलं, हे त्याने बघितलं. मग मी तिन्ही ठिकाणी सही केली. मला वाटलं, जमीन गेली तर गेली, भाविकाला घेऊन पाच दिवस दादाबरोबर राहायला मिळेल. मी खरंच राजीखुशीने केली होती.

साहेब दादाकडे वळले. "तुम्ही सांगा. बहिणीने वाचून सही केली का?" तो हो म्हणाला असता तर माझं तिथेच संपलं असतं. दादाने टेबलावरच्या कागदावर, माझ्या सहीपाशी बोट ठेवलं.

म्हणाला, "नाही साहेब. मी वाचू दिला नाही तिला."

नोंद थांबवली. मी बाहेर झाडाखाली त्याच्यासाठी थांबले होते. तो माझ्या अंगावरून गेला, गाडीत बसला आणि काच वर केली. परवा सोडून तेरवा त्यांचं विमान आहे.